क्लाउडवरील एक्सेल फाईल करप्ट झाल्यास ती परत कशी मिळवावी

मार्चअखेरीस सोसायटीच्या मेंटेनन्सची फाईल उघडायला जावे आणि एक्सेलने ‘फाईलचा फॉरमॅट किंवा एक्स्टेन्शन वैध नाही’ अशा अर्थाची इंग्रजी चौकट समोर ठेवावी, हा अनुभव हिशेब सांभाळणाऱ्या अनेकांना कधी ना कधी येतो. मला तो आला तेव्हा मी जे केले ते मुद्दाम सांगतो, कारण ते करू नये. मी ती फाईल चार वेळा उघडून पाहिली, तिचे नाव बदलले, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आणि शेवटी फाईल दुरुस्त करून देणारे एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले. त्याने पैसे भरल्याशिवाय एकही ओळ दाखवली नाही. त्या फाईलची आदल्या दिवशीची धडधाकट प्रत त्या सगळ्या वेळात गूगल ड्राइव्हमध्येच पडून होती.

‘फाईल क्लाउडवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हे अर्धेच खरे आहे. सिंकचे काम सगळीकडे एकसारखी प्रत ठेवण्याचे असते, त्यामुळे लॅपटॉपवर बिघडलेली फाईल थोड्याच वेळात वर जाते आणि तिथून ती शेअर केलेल्या प्रत्येकाच्या संगणकावर तशीच बिघडलेली उतरते. मात्र या सेवा जुन्या आवृत्त्याही ठरावीक मुदतीपर्यंत राखून ठेवतात. ती मुदत संपण्यापूर्वी योग्य क्रमाने हालचाल केली, तर बहुधा दुरुस्तीची गरजच पडत नाही.

पहिली पायरी: सिंक थांबवावे आणि प्रत बाजूला काढावी

टास्कबारवरील वनड्राइव्हच्या किंवा गूगल ड्राइव्हच्या चिन्हावर क्लिक करून ‘पॉज सिंकिंग’ निवडावे. फाईल शेअर केलेली असेल, तर बाकीच्यांनाही ती तूर्त उघडू नये असे कळवावे. त्यानंतर ब्राउझरमधून क्लाउडच्या संकेतस्थळावर जाऊन बिघडलेली फाईल डाउनलोड करावी, सिंक न होणाऱ्या फोल्डरमध्ये तिच्या दोन प्रती ठेवाव्यात आणि पुढचे सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवरच करावेत. डाउनलोड केलेली प्रत व्यवस्थित उघडली, तर बिघाड फक्त आपल्या संगणकावरील प्रतीत आहे आणि काम इथेच संपते.

दुसरी पायरी: फाईल खरोखर बिघडली आहे का, ते पाहावे

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच वाचतो. प्रथम फाईलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये तिचा आकार पाहावा. आकार शून्य बाइट असेल, तर त्या प्रतीत दुरुस्त करण्यासारखे काहीच नाही. थेट तिसऱ्या पायरीवर जावे. नेहमी दोन एमबी असणारी फाईल चारशे केबीची दिसत असेल, तर ती अपलोड होताना मध्येच तुटलेली असण्याची शक्यता आहे. नावापुढे ढगाचे चिन्ह असेल, तर फाईल अजून संगणकावर उतरलेलीच नाही आणि इंटरनेट नसल्यामुळे ती उघडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

काही पोर्टलवरून मिळणारी एक्सएलएस (एक्सेलच्या जुन्या प्रकारची) फाईल आतून एचटीएमएल पान, म्हणजे वेबपान असते. तिच्याबाबत एक्सेल ‘फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नाही’ असा इशारा देते. फाईल खात्रीच्या ठिकाणाहून आलेली असेल, तर ‘येस’ म्हणून ती उघडता येते आणि मग एक्सएलएसएक्स म्हणून जतन करता येते.

मराठी मजकुराच्या फाईलींची गोष्ट वेगळीच आहे. सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) डबल क्लिक करून उघडली आणि सभासदांच्या नावांच्या जागी स्वरचिन्हे डोक्यावर घेतलेल्या रोमन अक्षरांची लांबच लांब रांग दिसली, तर फाईल बिघडलेली नसते. एक्सेलने तिचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, चुकीचे ओळखलेले असते. अशा वेळी ती न जतन करता बंद करावी, कोरी वर्कबुक उघडून ‘डेटा’ टॅबमधील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने ती आत घ्यावी आणि ‘फाईल ओरिजिन’मध्ये ‘६५००१ युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडावे. नावे देवनागरीत दिसू लागतात. याउलट जुन्या कारकुनाने श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसते. तिथे फॉन्ट बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करून घ्यावा. एक्सेलच्या ‘रिपेअर’चा (चौथी पायरी) तिथे काहीही उपयोग होत नाही.

तिसरी पायरी: जुनी आवृत्ती परत आणावी

गूगल ड्राइव्हमध्ये ठेवलेल्या एक्सेल फाईलवर राइट क्लिक करून ‘फाईल इन्फर्मेशन’ आणि त्यातील ‘मॅनेज व्हर्जन्स’ निवडले, की तारखेनुसार आवृत्त्यांची यादी येते. या आवृत्त्या साधारणपणे ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या होईपर्यंतच राहतात. यादीतील वरच्याच आवृत्तीवर न थांबता ज्या दिवशी फाईल नक्की चांगली होती त्या दिवसाची आवृत्ती डाउनलोड करावी आणि ती उघडते का, ते पाहावे. फाईल मुळातच गूगल शीट्समध्ये असेल, तर ‘फाईल’ मेनूतील ‘व्हर्जन हिस्टरी’ किंवा कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एच ही कळ वापरावी. कोणी एकच स्तंभ सॉर्ट करून नावे एकीकडे आणि रकमा दुसरीकडे करून ठेवल्या असतील, तर तो घोळही इथूनच निस्तरतो.

वनड्राइव्हमध्ये संकेतस्थळावर फाईलवर राइट क्लिक करून ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडते. वैयक्तिक खात्यात शेवटच्या २५ आवृत्त्या मिळतात. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात ३० दिवसांपर्यंत मागे जाता येते. फाईल दिसतच नसेल, तर ट्रॅश किंवा रीसायकल बिन पाहावे. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश आणि वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्याचा बिन ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. फोल्डरमध्ये त्याच नावाची, पण शेवटी संगणकाचे नाव किंवा ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असे शब्द जोडलेली फाईल दिसली, तर तीही उघडून पाहावी. दोघांनी एकाच वेळी बदल केल्यावर तयार झालेली ती दुसऱ्याची प्रत असते आणि पुष्कळदा तीच चांगली निघते.

चौथी पायरी: एक्सेलकडून दुरुस्ती करून घ्यावी

जुनी आवृत्ती मिळाली नाही किंवा फार जुनी मिळाली, तरच इथे यावे. एक्सेलमध्ये ‘फाईल’, ‘ओपन’, ‘ब्राउझ’ या मार्गाने प्रत असलेल्या फोल्डरपर्यंत जावे. ‘रीसेंट’च्या यादीतून फाईल उघडल्यास पुढचा पर्याय दिसत नाही. फाईलवर एकदाच क्लिक करावे, ‘ओपन’ बटणाशेजारचा लहान बाण दाबावा आणि ‘ओपन अँड रिपेअर’ निवडावे. आधी ‘रिपेअर’ करून पाहावे. ते अयशस्वी झाले, तर ‘एक्स्ट्रॅक्ट डेटा’ वापरावे, ज्यात सूत्रे वाचवायची की केवळ आकडे, असे एक्सेल विचारते. तेही जमले नाही, तर तीच प्रत लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडावी किंवा ड्राइव्हवर चढवून गूगल शीट्सने उघडावी. प्रत्येक प्रोग्रॅमची फाईल वाचण्याची पद्धत निराळी असल्यामुळे एक्सेलने नाकारलेली फाईल दुसरीकडे उघडल्याचे दिसून येते.

‘तुमची फाईल अपलोड करा, आम्ही दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांपासून मात्र दूर राहावे. सभासदांचे पॅन, मोबाइल आणि बँक खाते क्रमांक असलेली यादी त्यांच्या हाती देण्याचा अधिकार खजिनदाराला नसतो.

पाचवी पायरी: फाईल उकलून आतले सामान काढावे

एक्सएलएसएक्स फाईल म्हणजे खरे तर एक झिप गाठोडे असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन (फाईलच्या नावातील टिंबानंतरची अक्षरे) दिसू देऊन प्रतीच्या नावातील ‘एक्सएलएसएक्स’च्या जागी ‘झिप’ लिहिले, की ते गाठोडे उघडते. झिपची अनुक्रमणिका फाईलच्या अगदी शेवटी असते. म्हणून अपलोड होताना शेपूट तुटले, की आतला मजकूर शाबूत असूनही विंडोजला काही सापडत नाही. अशा वेळी सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम जेवढे वाचवता येईल तेवढे बाहेर काढू शकतो. जुनी एक्सएलएस फाईल किंवा पासवर्ड लावलेली एक्सएलएसएक्स फाईल आतून झिप नसते, त्यामुळे तिला ही युक्ती लागू पडत नाही.

‘एक्सएल’ फोल्डरमधील ‘वर्कशीट्स’मध्ये प्रत्येक शीटची वेगळी फाईल असते आणि ती नोटपॅडमध्ये उघडते. मी आमची फाईल अशी उघडली तेव्हा रकमा जागच्या जागी होत्या, पण सभासदाच्या नावाच्या चौकटीत नुसता १७ हा आकडा होता. एक्सेल शब्द साधारणतः शीटमध्ये लिहीत नाही. ते ‘शेअर्डस्ट्रिंग्ज’ नावाच्या एका सामाईक यादीत ठेवते आणि चौकटीत त्या यादीतील क्रमांक नोंदवते. मोजणी शून्यापासून सुरू होत असल्यामुळे १७ म्हणजे यादीतील अठरावे नाव. दोन्ही फाईली वाचल्या असतील, तर नाव आणि रक्कम यांची जोडी हाताने लावता येते. केवळ शीट वाचली, तर रकमा मिळतात आणि नावे फ्लॅट क्रमांकाच्या क्रमावरून पुन्हा लिहावी लागतात. काम किचकट आहे, पण साठ-सत्तर सभासदांच्या यादीला एक दुपार पुरते.

सहावी पायरी: मिळालेली फाईल तपासावी

फाईल उघडली म्हणजे ती बरोबर आहे, असे धरू नये. ओळींची संख्या आधीच्या छापील यादीशी आणि महिन्याच्या बेरजा पासबुकाशी ताडून पाहाव्यात. बेरजेच्या चौकटीवर क्लिक करून तिथे सूत्र उरले आहे की नुसता आकडा, हे पाहावे. ३ एप्रिलची पावती ४ मार्चची झालेली नाही ना, खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळालेली नाहीत ना, याकडेही लक्ष द्यावे. एक्सेल आकड्यातील पहिले १५ अंकच जपते, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांक टेक्स्ट म्हणून साठवलेला नसेल, तर शेवटचा अंक शून्य झालेला आढळतो.

हे जुळले, की फाईलला तारखेसह नवे नाव द्यावे, ती ड्राइव्हवर चढवावी, ‘मॅनेज व्हर्जन्स’मध्ये त्या आवृत्तीपुढे ‘कीप फॉरेव्हर’ निवडावे आणि मगच थांबवलेले सिंक पुन्हा सुरू करावे. बिघडलेली प्रत निदान ऑडिट होईपर्यंत पुसू नये.