टम्बलवीड काटे येण्यापूर्वीच कसे ओळखावे

अमेरिकेच्या पश्चिम भागातील कोरड्या माळांवर हिवाळ्यात गडगडत जाणारा काट्यांचा गोळा, म्हणजेच टम्बलवीड, कोणालाही ओळखता येतो. मात्र तो कुंपणाला येऊन अडकतो, तेव्हा वाटेवरच्या सगळ्या जमिनीत त्याचे बी पडून गेलेले असते. म्हणून ही ओळख एप्रिल-मे महिन्यांतच पटली पाहिजे.

प्रथम नावाचा घोळ दूर करावा. या तणाला ‘रशियन थिसल’ म्हणतात, पण ते थिसल नव्हे. खरे थिसल ही काटेरी झाडे सूर्यफुलाच्या कुळातली, तर हे तण (शास्त्रीय नाव सॅल्सोला ट्रॅगस) आपल्या राजगिरा, माठ आणि चाकवताच्या कुळातले आहे. 1870च्या दशकात जवसाच्या बियाण्यात मिसळून ते साउथ डकोटात आले.

शोध उकरलेल्या, भुसभुशीत जमिनीत घ्यावा. घट्ट गवताळ जमिनीत ते सहसा रुजत नाही.

खरी कसोटी लागते ती कोवळ्या रोपाची. कोलोरॅडोत राहायला आल्यावर पहिल्याच वसंतात अंगणात हिरव्या, मऊ सुयांसारखी रोपे उगवली. ती पाइनची आहेत, असे एका जाणत्या माणसाने सांगितले, म्हणून मी त्यांना पाणी घातले. ऑगस्टमध्ये तीच झुडपे जाड हातमोज्यांतूनही टोचू लागली. तेव्हापासून मी नुसत्या नजरेवर विसंबत नाही. रोप हातात घ्यावे. पाइनच्या रोपाला सुयांचे वर्तुळ एकाच पातळीवर फुटते. याची पहिली पाने समोरासमोर जोडीने येतात. पान चिमटीत धरले की गोलसर आणि रसाळ लागते, टोकाला बारीकशी अणी जाणवते. मग खोड उन्हात फिरवून पाहावे, त्यावर बहुधा लालसर-जांभळ्या उभ्या रेघा दिसतात.

‘खोड लाल असले की झाले’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मात्र मला मुळीच मान्य नाही, कारण कोशिया या दुसऱ्या तणाचे खोडही लालसर होते आणि वाळल्यावर तोही लोळतो. निर्णय पानावरूनच करावा: कोशियाचे पान चपटे असून त्याच्या कडांना मऊ लव असते. तसेच लोळणाऱ्या पांढऱ्या खोडाच्या राजगिऱ्याची पाने रुंद असतात, तर लोळणाऱ्या मोहरीला चार पाकळ्यांची फिकट पिवळी फुले आणि लांब शेंगा येतात.

उन्हाळा चढला की लांब पाने झडतात, आखूड टणक काटे येतात आणि त्यांच्या बेचक्यांत पाकळ्या नसलेली बारीक फुले धरतात.

शरद ऋतूत झाड वाळते आणि खोडाच्या तळाशी तयार झालेल्या कमकुवत थरावर वाऱ्याच्या झोताने मोडते. मोठ्या झाडावर अडीच लाखांपर्यंत बिया असू शकतात. भिंगाखाली पाहिल्यास प्रत्येक बीमध्ये शंखासारखा गुंडाळलेला अंकुर दिसतो. ओल मिळताच तो काही तासांतच उलगडतो. म्हणूनच वाळलेले झाड ओढत नेऊ नये, जागच्या जागी पिशवीत दाबून भरावे. दिलासा एवढाच की हे बी जमिनीत बहुधा एक-दोन वर्षांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे सलग दोन-तीन वर्षे नेटाने खुरपल्यास फरक नक्की पडतो.

कोवळे रोप सर्वांत खालच्या फांदीच्याही खाली खुरप्याने कापावे. त्यानंतर उन्हाळ्यातल्या प्रत्येक चांगल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांनी जमीन पुन्हा पाहावी, कारण उशिरा उगवलेले वीतभर रोपही बी धरते.