भिरभिऱ्याच्या ठोकळ्याची टोकं कापली जात होती, ती अशी जमली

भिरभिरं म्हणजे गडद-फिक्या त्रिकोणांचे चार चौकोन जोडून केलेला गोधडीचा ठोकळा. 6 इंची तयार भिरभिऱ्यासाठी पुस्तकी माप 3⅞ इंचाचे चौकोन. त्यात चुकीला जागाच उरत नाही. मी सरळ 4 इंचाचे कापते: दोन गडद, दोन फिके. एकेक जोडी सुलट बाजू समोरासमोर ठेवून कर्णावर रेघ, रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर शिवण, मग रेघेवर काप. अशा चार त्रिकोणजोड्या, म्हणजे अर्धे गडद-अर्धे फिके चौकोन, मिळतात. शिवण गडद कापडाकडे वळवून इस्त्री, पण दाबून उचलायची. सरकवली की उरेब, म्हणजे कापडाची तिरकी बाजू, ताणतो आणि चौकोन वाकडा होतो. सुती कापड मऊ असेल तर कापण्याआधीच खळ द्यावी.

खरी दुरुस्ती टेम्प्लेट पट्टीने (मापांच्या आणि कोनाच्या रेघा असलेल्या पारदर्शक पट्टीने) होते. पट्टीची 45 अंशांची रेघ नेमकी शिवणीवर ठेवा, दोन बाजू छाटा. तुकडा अर्धा फिरवून 3½ इंचाच्या रेघा छाटलेल्या कडांवर बसवा आणि उरलेल्या दोन छाटा. फक्त कडा बघून छाटलं तर कर्ण कोपऱ्यातून निसटतो. टोकं बोथट होण्याचं पहिलं कारण हेच. दुसरं म्हणजे रुंद शिवण. पाव इंचाला एक-दोन धागे कमीच घ्यावेत, कारण कापडाच्या घडीतही थोडं माप जातं.

चार चौकोन दोन-दोन जोडून दोन ओळी करा. त्या ओळी जोडणाऱ्या शेवटच्या शिवणीत मधल्या शिवणी विरुद्ध दिशांना पाडून एकमेकींत अडकवा, तिथे टाचणी लावा. नंतर मागून मध्यावरच्या उभ्या शिवणीचे, आडव्या शिवणीपलीकडचे दोन-तीन टाके दोन्ही बाजूंनी उसवून शिवणी गोल फिरवा. मधला सांधा सपाट बसतो, ठोकळा 6½ इंच भरतो; अर्धा इंच पुढच्या जोडशिवणीत जाऊन तयार माप 6 इंच राहतं.