स्पॅनिशचा भूतकाळ: या चुका टाळा, आणि आधी इंग्रजी बाजूला ठेवा

दर बॅचला तेच. इंदेफिनिदो (घडून संपलेला भूतकाळ) झाला, इंपेर्फेक्तो (चालू किंवा सवयीचा भूतकाळ) झाला की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, 'वॉज'साठी यातलं कुठलं?" अहो, इंग्रजीतून कशाला जाताय, मराठीत हा फरक आयता आहे! 'काल पोहलो' म्हणजे नादे, 'लहानपणी रोज पोहायचो' म्हणजे नादाबा, 'पोहत होतो' तेही नादाबाच. मी स्वतः अजून अडले की वाक्य आधी मराठीत म्हणून बघते.

माझी एक विद्यार्थिनी पुण्यात नोकरीला, मेक्सिकोच्या क्लायंटला मेल करायची. तिने लिहिलं, 'आयेर मान्दाबामोस एल आर्चीबो', तिला म्हणायचं होतं काल फाइल पाठवली. उत्तर आलं, 'इ के पासो?' म्हणजे, मग काय झालं? कारण त्याने वाचलं 'काल फाइल पाठवत होतो' आणि पुढे काय बिनसलं ते ऐकायला तो थांबला, ही बिचारी घाबरून रात्री मला फोन करतेय, आणि फाइल तर कधीच पोचलेली. हवं होतं फक्त 'मान्दामोस'.

दुसरी चूक त्याहून वाईट, कारण अर्थच बदलतो. क्रियापद एकच, पण इंपेर्फेक्तोत साबीआ म्हणजे माहीत होतं, इंदेफिनिदोत सुपे म्हणजे कळलं. कोनोसीआ म्हणजे ओळखत होतो, कोनोसी म्हणजे ओळख झाली. 'नो केरीआ इर' म्हणजे जायची इच्छा नव्हती (गेलाही असेल!), 'नो किसे इर' म्हणजे सरळ नकार दिला. बघा, मराठीत चक्क वेगळे शब्द आहेत, तेच पाठ करा.

खूप वर्षं चाललं म्हणून इंपेर्फेक्तो, हेही चूक. 'तीन वर्षं माद्रिदला राहिलो' म्हणजे बिबी, इंदेफिनिदोच, काळ मोजून संपवलात ना.

'आयेर' (काल) दिसलं की इंदेफिनिदो, 'सिएम्प्रे' (नेहमी) दिसलं की इंपेर्फेक्तो, असले चार्ट फाडून टाका. 'सिएम्प्रे फुए ओन्रादो', आयुष्यभर प्रामाणिक राहिला, हे अगदी बरोबर वाक्य आहे. दोन आठवड्यांत भूतकाळ संपवायची घाई असलेले लोकच या चार्टवर विसंबतात आणि परीक्षेत आपटतात.

बाकी किरकोळ. 'आब्लो'च्या शेवटच्या 'ओ' अक्षरावरची तिरकी रेघ विसरलात की 'तो बोलला'चं 'मी बोलतो' होतं. 'आज जेवलो' हे माद्रिदला 'ओय ए कोमीदो', मेक्सिकोत 'ओय कोमी', आपला क्लायंट कुठला ते बघा. आणि इंपेर्फेक्तोत अनियमित क्रियापदं तीनच, सेर (असणे), इर (जाणे), बेर (पाहणे). एवढी तरी आज रात्री लिहून काढा.