रोबोटचं मॉडेल: जोडणी आणि त्यावर चढवायची धूळ

पहिलंच मॉडेल असेल तर बंदाई या जपानी कंपनीचं १/१४४ मापाचं (खऱ्याच्या १४४ पट लहान) हाय ग्रेड किट घ्या. भाग दाबून बसतात, गोंद लागत नाही आणि कोपर, गुडघे, कंबर सगळं वळतं. चांगलं निपर (भाग कापायची छोटी पक्कड) मात्र हवंच. वॉटर पेपर (बारीक पॉलिश पेपर) आणि छोटा कटर पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल.

सगळे भाग एकदम कापून ठेवू नका. ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात, नंबर त्या चौकटीवर असतात, भागावर नाही. कापायचं दोनदा: आधी भागापासून लांब, मग उरलेला ठोंब अगदी जवळून. एकाच फटक्यात कापलं तर गडद प्लॅस्टिकवर पांढरा डाग उमटतो. उरलेला उंचवटा ४००, ६००, ८०० नंबरच्या वॉटर पेपरने अशा क्रमाने घासून सपाट करा.

जोडून झालं की सगळे सांधे पूर्ण फिरवून बघा. दोन भाग एकमेकांवर घासतात तिथला रंग टिकणार नाही, तिथे तो लावूच नका. काही किटांमध्ये सांध्यांचं प्लॅस्टिक एबीएस नावाच्या प्रकारचं असतं. त्यात इनॅमल थिनर मुरला की ताण पडताच ते तडकतं. म्हणून खाचांमध्ये काळी शाई भरताना थिनर सांध्यांपासून लांब ठेवा.

आता माझ्या सगळ्यात आवडीचं काम. ब्रश हातात घेण्याआधी मार्केट यार्डात उभे ट्रक नीट पाहा. चिखल चाकांमागे साचतो, फाळक्याचा रंग कडेला उडतो आणि गंजाचा ओघळ बोल्टपासून खाली उतरतो. रोबोटलाही हेच लागू आहे. तो कुठे वावरला हे आधी ठरवा. गुडघ्यावर टेकून बसणार असेल तर माती त्या गुडघ्यालाच लागली पाहिजे.

ओरखड्यांसाठी फोमचा तुकडा फाडा, गडद तपकिरी ॲक्रिलिकमध्ये टेकवा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपा आणि फक्त कडांवर हलकेच टेकवत जा. माप विसरू नका: १/१४४ मध्ये १ मिमीचा ठिपका म्हणजे खऱ्या यंत्रावर १४ सेंमीपेक्षा मोठं भगदाड! नवशिक्यांचं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं ते बहुतेक वेळा मोठ्या ठिपक्यांमुळेच. सुईच्या टोकाएवढे ठिपके, तेही विरळ, पुरेत.

धुळीसाठी अप्पा बळवंत चौकातून सॉफ्ट पेस्टल आणा (ऑइल पेस्टल नको). मातकट आणि राखाडी रंगाच्या खडूंची ब्लेडने पूड करा. पावलं आणि नडग्यांवर कोरड्या ब्रशने खालून वर विरळ होत जाईल अशी लावा. छाती आणि डोकं जवळजवळ स्वच्छ राहू द्या. शेवटी मारायच्या मॅट स्प्रेखाली (चकाकी घालवणारा पारदर्शक थर) पूड फिकी पडते, म्हणून डोळ्याला हवी त्याहून थोडी जास्तच लावा.

हा स्प्रे पुण्यातल्या पावसाळ्यात जपून वापरा. दमट हवेत थर पांढुरका पडतो आणि सगळी मेहनत धुक्यात गेल्यासारखी होते. कोरडी दुपार मिळेपर्यंत थांबा. मास्क लावून, मोकळ्या गच्चीवर, वीतभरापेक्षा थोड्या जास्त अंतरावरून दोन पातळ हात द्या. मग रात्रभर मॉडेलला हात लावू नका. पोझ दुसऱ्या दिवशी द्या, आणि एखादा सांधा चिकटलेला वाटला तर जोर न लावता तो भाग काढून पुन्हा बसवा.