फिलेमोनाला पत्र: २५ वचनं आणि माझं एक अख्खं सत्र

बायबलच्या नव्या कराराच्या अभ्यासक्रमात पौलाच्या (पहिल्या शतकातला ख्रिस्ती धर्मप्रचारक) कोणत्याही एका पत्राची पार्श्वभूमी आणि हेतू यावर निबंध लिहायचा होता. वर्गातल्या बाकीच्यांनी रोमकरांस, गलतीकरांस अशी भारदस्त पत्रं घेतली. मी फिलेमोनाचं घेतलं, ते केवळ त्याच्या आकारामुळे. एकच अध्याय, २५ वचनं (म्हणजे क्रमांक दिलेली छोटी वाक्यं), मूळ ग्रीकमध्ये साधारण ३३५ शब्द. पौलाची पत्रं नव्या करारात ढोबळमानाने लांबीच्या क्रमाने लावली आहेत, म्हणून हे त्यांत शेवटी येतं. चहा निवायच्या आत वाचून झालं आणि रात्रीतून निबंधही झाला.

पार्श्वभूमीत मी लिहिलं होतं: फिलेमोनाचा गुलाम अनेसिम मालकाचे पैसे चोरून कलस्सैहून (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन गाव) रोमला पळाला, तिथे तुरुंगात त्याला पौल भेटला, तो ख्रिस्ती झाला आणि पौलाने त्याला चिठ्ठी देऊन परत पाठवलं. निबंध परत आला तेव्हा या एका वाक्यावर चार ठिकाणी लाल पेनाने तोच प्रश्न होता: 'कोणत्या वचनात?'

शोधायला बसलो आणि घाम फुटला. पळाला? पंधरावं वचन फक्त तो काही काळ दूर झाला असं म्हणतं. चोरी? अठरावं वचन 'जर'ने सुरू होतं: जर त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल, तर. रोम? पौल बेड्यांत आहे एवढंच पत्र सांगतं, गावाचं नावच नाही. कलस्सै हे नावही इथे नाही. ते कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातून घ्यावं लागतं, कारण तिथे अनेसिम 'तुमच्यातलाच' असल्याचं म्हटलंय. मी पत्र वाचलंच नव्हतं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट तेवढी उतरवून काढली होती.

पौल कुठे कैदेत होता यावर अभ्यासकांचे तट आहेत. रोम धरलं तर काळ येतो साधारण इ.स. ६० ते ६२. कलस्सैच्याच भागातलं इफिस धरलं तर ५० च्या दशकाचा मध्य. पॅलेस्टाइनमधलं कैसरीया हा तिसरा पर्याय. मला इफिस पटतं, आणि त्याचं कारण बाविसावं वचन: माझ्यासाठी उतरायची खोली तयार ठेव. इफिसहून कलस्सै आठवडाभराच्या चालीवर. रोमहून मात्र समुद्र ओलांडून यायचं, मग एवढ्यात खोली कशाला झाडून ठेवायला सांगेल माणूस? हा निर्णायक पुरावा नाही हे मान्य, पण निबंधात बाजू घ्यावी लागते. 'पळाला' याला पर्यायही आहे: मालकाशी बिनसलं की गुलामाने मालकाच्या वजनदार मित्राकडे जाऊन रदबदली मागायची, हा प्रकार रोमन कायद्याच्या जाणकारांना ठाऊक होता, आणि अशा गुलामाला ते फरारी मानत नसत.

आता हेतू. इथे मराठी वाचकाचं काम सोपं आहे. इंग्रजीत सगळीकडे एकच सर्वनाम असतं. ग्रीकमध्ये आणि आपल्यात 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे. पत्राचा मायना फिलेमोन, अप्फिया, अर्खिप्प आणि फिलेमोनाच्या घरात जमणारी मंडळी, अशा सगळ्यांना आहे, म्हणून अभिवादनात 'तुम्हांला'. (हे अनेकवचन आहे, आदरार्थी नव्हे, माझी तिथेही गफलत झाली होती.) चौथ्या वचनापासून मात्र जवळजवळ सगळं 'तू'. शेवटी खोलीची गोष्ट काढून झाली की पुन्हा 'तुमच्या प्रार्थनांनी'. विनंती एकट्याला, पण ती वाचली जाणार भरल्या घरात, सगळ्यांसमोर. फिलेमोनाला नाही म्हणायला जागा कुठे उरली?

एकोणिसाव्या वचनात तर पौल स्वतःच्या हाताने, जवळपास वचनचिठ्ठीच्या भाषेत, 'मी फेडीन' असं लिहून देतो, आणि लगेच पुस्ती जोडतो: तू स्वतःच माझं देणं लागतोस, हे मी बोलतच नाही. असं 'मी बोलतच नाही' म्हणणारे वडीलधारे आपल्याही घरात असतात.

नावावरचा श्लेष सोडू नका. अनेसिम म्हणजे उपयोगी. अकराव्या वचनात पूर्वी तो निरुपयोगी होता, आता उपयोगी आहे, असं येतं, आणि विसाव्यात 'मला तुझा लाभ होऊ दे' या क्रियापदाचं मूळ अनेसिम या नावाचंच. भाषांतरात हे निसटतं, म्हणून एवढ्या पाच-सहा शब्दांपुरतं तरी ग्रीक शिकून घ्या.

मग पौलाला नक्की काय हवं होतं? गुलाम म्हणून नव्हे, गुलामापेक्षा अधिक, प्रिय भाऊ म्हणून त्याला स्वीकार, हे सोळावं वचन. 'त्याला मुक्त कर' हे शब्द नाहीत. 'मी सांगतो त्यापेक्षाही तू जास्त करशील' हे आहेत. या मोकळ्या जागेमुळेच अमेरिकेत १८५० च्या फरारी गुलाम कायद्याच्या काळात गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक अशा दोन्ही बाजूंनी हेच पत्र पुढे केलं: एकाने अनेसिमला परत पाठवलं यावर बोट ठेवलं, दुसऱ्याने सोळाव्या वचनावर.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी टीकाग्रंथ उघडण्याआधी रोमन लेखक धाकट्या प्लिनीचं, साबिनियानस या ओळखीच्या माणसाला लिहिलेलं पत्र वाचावं. तेही रागावलेल्या मालकाकडे केलेली रदबदलीच, एका मुक्त केलेल्या गुलामासाठी. प्लिनी सांगतो की तो माझ्या पाया पडला, रडला, त्याला खरा पश्चात्ताप झालाय. हे वाचून पुन्हा फिलेमोनाकडे आलो तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा दिसली: पौल अनेसिमच्या अश्रूंबद्दल, माफीबद्दल अवाक्षर काढत नाही. दुसऱ्या निबंधाचा मुद्दा मला तिथे मिळाला. त्यावर लाल पेन एकदाच उठलं, आणि तेही अर्खिप्पाच्या शुद्धलेखनासाठी.