मोटोवर ग्राफीन ओएस येईपर्यंत काय करायचं? प्रायव्हसीवाला फोन घेताना आणि सेट करताना

मार्च २०२६ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसमध्ये मोटोरोलाने ग्राफीन ओएसशी (अँड्रॉइडवरूनच बनवलेली, सुरक्षितता आणि प्रायव्हसीवर भर देणारी ओएस, म्हणजे फोन चालवणारी मूळ प्रणाली) भागीदारी जाहीर केली, आणि तेव्हापासून "माझ्याकडे मोटो आहे, त्यात टाकता येईल का" हा प्रश्न सारखा येतोय. तर आधी त्याचंच उत्तर देतो, नाही टाकता येणार. ही भागीदारी पुढे येणाऱ्या फोनसाठी आहे, आणि तेही जे ग्राफीनवाल्यांच्या हार्डवेअरच्या अटी पूर्ण करतील अशाच. त्यामुळे आज दुकानात असलेला मोटो या बातमीच्या भरवशावर उचलू नका.

पण बातमी खरंच मोठी आहे, आणि का मोठी आहे ते कळलं की फोन निवडणं सोपं जातं. आत्तापर्यंत ग्राफीन ओएस फक्त गूगलच्या पिक्सेल फोनवर चालत आलंय, कारण पिक्सेलमध्ये दुसरी ओएस टाकून बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना कुठली ओएस सुरू करायची ते ठरवणारा प्रोग्रॅम, परत लॉक करता येतो, आत वेगळी सिक्युरिटी चिप आहे, आणि पिक्सेल ८ पासून मेमरी टॅगिंग पण आहे ज्याने मेमरीतल्या गडबडीचा फायदा घेऊन फोनमध्ये घुसणं खूप अवघड होतं. पण जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ आलं तेव्हा गूगलने पिक्सेलसाठीची डिव्हाइस ट्री, म्हणजे त्या त्या मॉडेलवर अँड्रॉइड बसवायला लागणाऱ्या फाइल्स, ओपन सोर्समध्ये देणं थांबवलं. म्हणजे सगळा संसार एका कंपनीच्या मर्जीवर. शिवाय सिक्युरिटी पॅच मोबाइल कंपन्यांना बरेच आधी मिळतात आणि बाहेरच्या प्रोजेक्टला नंतर, मधल्या काळात फोन उघडाच. फोन बनवणारी कंपनी सोबत असली की ते पॅच आधी हातात येतात, आणि चिपच्या फर्मवेअरचे, म्हणजे चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट पण येतात जे बाहेरून कुणालाच बनवता येत नाहीत.

म्हणून उद्या कुठलीही कंपनी "आमचा फोन प्रायव्हसी ओएससोबत" म्हणून जाहिरात करेल तेव्हा जाहिरातीतला कुलपाचा फोटो बघू नका, पहिला प्रश्न विचारा की अपडेट कोण देणार आणि किती वर्षं, नुसते ओएसचे नाही तर फर्मवेअरचे पण. पिक्सेल ८ आणि त्यापुढच्यांना ७ वर्षं आहेत, ६ आणि ७ सिरीजला ५, हे माप डोक्यात ठेवून तुलना करा. दुसरा प्रश्न, बूटलोडर लॉक असतानाच ती ओएस चालते ना, कारण उघड्या बूटलोडरवर चालणारी प्रायव्हसी ओएस म्हणजे फोन कुणाच्या हाती पडला तर ओएस बदलून टाकायला मोकळं रान. आणि तिसरा, भागीदारी मोडली तर माझ्या हातातल्या फोनचं काय?

तिसरा प्रश्न उगाच नाही. २०१४ आठवतंय का, वनप्लस वन हा फोन सायनोजेन कंपनीच्या अँड्रॉइडवर बनलेल्या ओएससोबत आला होता, आणि भारतात यायच्या वेळी सायनोजेनने इथले एक्सक्लुझिव्ह हक्क मायक्रोमॅक्सला देऊन टाकले. डिसेंबरात वनप्लस इथे विकायला आला, मायक्रोमॅक्स दिल्ली हायकोर्टात गेली, विक्रीवर बंदी आली, मग काही दिवसांत ती उठली पण. ज्यांनी फोन घेतला होता त्यांना मात्र आपल्याला अपडेट मिळणार की नाही हेच कळेना. वनप्लसने पुढे स्वतःची ऑक्सिजन ओएस काढली, आणि सायनोजेन कंपनीने ३१ डिसेंबर २०१६ ला सर्व्हिसेस बंद केल्या. लोकांचे फोन वाचले ते फक्त बूटलोडर उघडता येत होता म्हणून, कारण त्याच कोडवरून लिनेज ओएस उभं राहिलं आणि ते टाकता आलं. तेव्हा कंपनी कितीही चांगली वाटो, बूटलोडर उघडायची सोय नसलेला "प्रायव्हसी फोन" घेऊ नका.

युरोपात फेअरफोन ही फोन बनवणारी कंपनी आणि ई ओएसवाली मुरेना यांची जोडी काही वर्षं नीट चालू आहे, मँड्रेक लिनक्सवाल्या गाएल डुव्हालची ई ओएस आधीच टाकलेला फेअरफोन तिकडे विकत मिळतो. तिकडे राहणाऱ्यांनी जरूर बघावा, बॅटरी स्वतः बदलता येते हे तर फारच आवडण्यासारखं आहे. फक्त ई ओएसचा भर गूगलला डेटा न जाण्यावर आहे आणि ग्राफीनचा भर फोनमध्ये कुणाला घुसता न येण्यावर, दोन्ही एकच समजू नका. आणि भावाबहिणीकडून भारतात मागवायचा विचार असेल तर थांबा, इथे तो अधिकृतपणे विकला जात नाही. जिओकडे २जी-३जी नाहीच, कॉल व्होल्टीईवरच, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच, जातो, आणि बाहेरच्या फोनवर व्होल्टीई चाललं नाही तर नेट चालेल पण कॉल लागणार नाही.

म्हणून आज महाराष्ट्रात बसून करण्यासारखं काय, तर इथे अधिकृत विकला गेलेला पिक्सेल घ्यायचा आणि ग्राफीन स्वतः टाकायचं. बजेट असेल तर ८ए किंवा त्यापुढचा, मेमरी टॅगिंगसाठी. सेकंडहँड घेत असाल तर पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बघा आणि सरकारच्या संचार साथी साइटवर टाकून तपासा, किंवा केवायएम लिहून स्पेस देऊन आयएमईआय १४४२२ ला एसएमएस करा, चोरीचा किंवा ब्लॉक केलेला असेल तर तिथेच कळतं. मग सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात ओईएम अनलॉकिंग (बूटलोडर उघडायची परवानगी) चालू होतंय का ते विकणाऱ्याच्या समोरच बघा. फिकट दिसत असेल तर आधी वायफाय जोडून बघा, तरी फिकटच राहिलं तर तो फोन घेऊ नका. अमेरिकेतून आणलेल्या फोनचं हे जास्त होतं, व्हेरायझन या तिकडच्या मोबाइल कंपनीकडून घेतलेल्या पिक्सेलचा बूटलोडर उघडत नाही, त्यामुळे तिकडून कुणी आणणार असेल तर "अनलॉक्ड, थेट गूगल स्टोअरचा" असं स्पष्ट सांगा.

आता प्रत्यक्ष टाकणं. ऐकायला भीती वाटते पण काम ब्राउझरमधूनच होतं. लॅपटॉपवर क्रोम, एज किंवा ब्रेव्ह लागेल, फायरफॉक्स चालत नाही, आणि इनकॉग्निटो विंडो वापरू नका कारण डाउनलोड साठवायला तिथे जागा मिळत नाही. केबल चांगली घ्या आणि सरळ लॅपटॉपच्या पोर्टला लावा, मध्ये हब नको, बऱ्याच तक्रारी इथल्याच असतात. फोटो, व्हॉट्सॲपचा बॅकअप, ऑथेंटिकेटरचे कोड आधी काढून घ्या कारण बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो आणि लॉक करताना परत पुसला जातो.

मग ओईएम अनलॉकिंग चालू करून फोन रिस्टार्ट करा, चालू होताना व्हॉल्यूम डाउन दाबून धरा, फास्टबूट मोडचा स्क्रीन येईल, बूटलोडरचा मेनू तो. ग्राफीनच्या अधिकृत साइटवर वेब इन्स्टॉलरचं पान उघडा, तिथे बटणं क्रमाने आहेत: अनलॉक, डाउनलोड, फ्लॅश (म्हणजे ओएस फोनमध्ये भरणं), लॉक. अनलॉक आणि लॉकच्या वेळी फोनवर व्हॉल्यूम बटणाने पर्याय बदलून पॉवर बटणाने होकार द्यावा लागतो. फ्लॅश चालू असताना फोन दोन-तीनदा आपोआप रिस्टार्ट होतो, तेव्हा केबलला हात लावू नका. विंडोजवर फोन दिसतच नसेल तर विंडोज अपडेटमधल्या ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हर असतो तो टाका.

शेवटचं लॉक करायचं पाऊल बरेच जण "चालतंय की" म्हणून सोडतात, कृपा करून सोडू नका, सगळी मेहनत त्यासाठीच आहे. लॉक झाल्यावर फोन सुरू करताना पिवळ्या खुणेसह वेगळी ओएस असल्याची सूचना येते, ती येणारच, घाबरू नका. तिथे खाली अक्षरं-आकड्यांची ओळ दिसते ती साइटवर तुमच्या मॉडेलसमोर दिलेल्या ओळीशी जुळवून बघा, जुळली म्हणजे फोनमध्ये खरंच त्यांचीच ओएस आहे. मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ओईएम अनलॉकिंग परत बंद करा.

पहिल्यांदा चालू केल्यावर फोन रिकामा वाटेल, प्ले स्टोअर पण नसेल. त्यांच्याच ॲप स्टोअरमधून गूगल प्ले टाकता येतं, पण इथे ते साध्या ॲपसारखं बसतं, त्याला वेगळे अधिकार नाहीत. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स हा आपल्याकडचा खरा प्रश्न. काही सरळ चालतात, काही ॲप्स गूगलची प्ले इंटिग्रिटी तपासणी (फोनमधली ओएस गूगलने मान्य केलेली आहे का ते बघणारी) लावतात आणि उघडायलाच नकार देतात. एखादं ॲप बंद पडत असेल तर त्या ॲपच्या माहितीत एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन कंपॅटिबिलिटी मोड आहे तो चालू करून बघा. तरी नाही झालं तर हट्ट करू नका, बँकेची वेबसाइट ब्राउझरमध्ये वापरा. आणि म्हणूनच माझा आग्रह आहे की जुना फोन लगेच एक्स्चेंजला देऊ नका, निदान एक पगार, एक लाइटबिल, एक सिलेंडर बुकिंग नवीन फोनवरून होऊ द्या, मग ठरवा.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते ती, कॉन्टॅक्ट स्कोप्स. झटपट कर्ज देणारी ॲप्स काँटॅक्ट लिस्ट उचलतात आणि हप्ता चुकला की मामा, शाळेतल्या बाई, ऑफिसातला साहेब सगळ्यांना फोन लावतात, हे आपल्याकडे किती घरांनी भोगलंय. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत अशा ॲप्सना काँटॅक्ट आणि कॉल लॉग घ्यायला मनाई केली, पण नियम पाळणाऱ्यांसाठी असतो, पळणाऱ्यांसाठी नाही. ग्राफीनमध्ये ॲपने काँटॅक्ट मागितले की कॉन्टॅक्ट स्कोप्स निवडायचं, ॲपला वाटतं परवानगी मिळाली पण यादी रिकामी दिसते, हवं तर एखाददुसरा नंबर तुम्ही स्वतः दाखवू शकता. फोटो आणि फाइल्ससाठी तसंच स्टोरेज स्कोप्स आहे. आई-वडिलांच्या फोनसाठी ही एक सोय पुरेशी आहे असं मी म्हणेन.

मराठी टायपिंगचं पण सांगतो. सोबत येणारा कीबोर्ड अगदी साधा आहे, "मी घरी" लिहिलं की पुढचा शब्द सुचवेल अशी अपेक्षा ठेवू नका. जीबोर्डची सवय असेल तर तो टाका, मराठी भाषा डाउनलोड होऊ द्या, आणि मग त्याची नेटवर्क परवानगी काढून घ्या. ही परवानगी साध्या अँड्रॉइडमध्ये काढताच येत नाही, इथे प्रत्येक ॲपची काढता येते. मात्र त्याच प्रोफाइलमध्ये गूगल प्ले असेल तर गूगलची ॲप्स आपसात बोलू शकतात, म्हणून गूगल प्ले आणि त्यावर चालणारी ॲप्स प्रायव्हेट स्पेसमध्ये (फोनमधला वेगळा कुलूपबंद कप्पा) किंवा वेगळ्या युजर प्रोफाइलमध्ये ठेवा, कीबोर्ड मुख्य प्रोफाइलमध्ये.

बाकी ऑटो रिबूट आधीच चालू असतं, १८ तास फोन अनलॉक केला नाही तर तो स्वतः रिस्टार्ट होतो आणि डेटा परत पूर्ण कुलूपबंद होतो. यूएसबी पोर्ट लॉक असताना फक्त चार्जिंग घेतं, तेही तसंच राहू द्या. ड्युरेस पिन, म्हणजे कुणी जबरदस्तीने फोन उघडायला लावला तर टाकायचा वेगळा पिन, मात्र विचार करूनच लावा, तो टाकला की फोन कायमचा पुसला जातो, विचारत नाही, त्यामुळे घरात लहान मुलं फोनशी खेळत असतील तर १२३४ सारखा तर अजिबात ठेवू नका.