सेरिसिन घातलेला मीडिया गोठतोय? माझा अनुभव

लक्षण असं: म्हशीच्या बीजांडांच्या प्रयोगशाळेतल्या परिपक्वनासाठी मीडियात (पोषक द्रवात) सेरिसिन (रेशमाच्या धाग्यावरचं चिकट प्रथिन) घातलं की ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर तुंबायचा. फ्रिजमधला स्टॉक (सेरिसिनचं दाट द्रावण) सकाळी जेलीसारखा. बीजांडं ठेवायच्या मीडियाच्या थेंबात तंतू दिसायचे, बीजांडांभोवतीच्या पेशी फुलायच्याच नाहीत.

फिल्टर बदलले, स्टॉक पुन्हा गरम केला, ऑटोक्लेव्हही (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केला. दोन महिन्यांची बीजांडं वाया गेली, फार जीव तुटला.

चूक मुळात होती. कोष उकळून काढलेलं सेरिसिन थंड झालं की त्याचे लांब रेणू एकमेकांना धरतात आणि जेल होतं. जलविघटन केलेली, लहान रेणूंची पावडर विरघळलेलीच राहते.

आता क्रम असा. पावडर त्याच दिवशी, साध्या पाण्यात नाही तर टीसीएम-१९९ (पेशींसाठीचा मूळ मीडिया) मध्येच, १ टक्का, ३७ अंशांवर हलक्या हाताने ढवळत विरघळवायची. पाण्यामुळे ऑस्मोलॅलिटी (द्रवात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) उतरते. मग सेंट्रिफ्यूज, वरचं निवळ आधी ०.४५, नंतर ०.२२ मधून. एक भाग स्टॉक, नऊ भाग तयार मीडिया, म्हणजे ०.१ टक्का. थेंबांवर ऑइल, ३८.५ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये किमान दोन तास, बीजांडं त्यानंतरच. शेजारी बिनसेरिसिनचे थेंब हवेतच, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

म्हशीच्या बीजांडात चरबी भरपूर, त्यामुळे ऑक्सिडेशनचा मार जास्त, तो कमी करायलाच सेरिसिनचा हा खटाटोप. जळगावच्या मे महिन्यात कत्तलखान्यातून अंडाशय आणताना मात्र थर्मासच लागतो. गाडीत उघडे राहिले तर मीडिया कितीही चांगला असो, उपयोग नाही.